नियंत्रण-मनोऱ्याची शिडी कोणासाठी?

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीवर एक प्रवासी विमान व लष्कराचे एक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली आणि ६७ माणसे प्राणास मुकली. नदीतून प्रेते बाहेर काढण्याचे काम चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प वार्ताहरांपुढे उभे राहिले. चौकशीचा पहिला कागदही तयार झालेला नसता त्यांनी अपराधी जाहीर करून टाकला. अपराधी कोण? तर कृष्णवर्णीय, स्त्रिया, अपंग अशा आजवर बाहेर ठेवलेल्या लोकांना सरकारी नोकरीत वाव द्यावा हे धोरण! हा निष्कर्ष आपण कशावरून काढलात, असे एका वार्ताहराने विचारले. आपणांस व्यवहारज्ञान आहे म्हणून, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले.

आमच्या वाचकांस हे उत्तर ओळखीचे वाटेल. पूल कोसळला, आगगाडी घसरली, इस्पितळात रोगी दगावला की आमच्याकडेही कोणी ना कोणी शहाणा राखीव जागांकडे बोट दाखवितोच. त्याला पुरावा लागत नाही. ज्यांस सिंहासनावर बसून बोलावयाचे असते त्यांचे व्यवहारज्ञान हाच पुरावा असतो. म्हणून दूरदेशीच्या या प्रकरणाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यातही आमचे लक्ष त्या अपघातापेक्षा त्याच्यामागे चाललेल्या एका योजनेकडे अधिक आहे. हवाई वाहतूक नियंत्रकांचे शिक्षण सरकारी प्रशिक्षणसंस्थेपुरते न ठेवता महाविद्यालयांत पसरवावयाचे, ही ती योजना होय. योजना चांगली आहे. परंतु तिचे पैसे कोणी भरावयाचे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ती समतेची ठरणार की पैशेवाल्यांची, हे अवलंबून आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. त्या रात्री मनोऱ्यात हेलिकॉप्टरांना वाट देणे आणि विमाने उतरविणे ही दोन्ही कामे एकच नियंत्रक पाहत होता. वेळ व वाहतूक यांच्या मानाने मनुष्यबळाची ही व्यवस्था नेहमीची नव्हती, असे विमान प्रशासनाच्याच प्राथमिक अहवालात नमूद आहे. पुढे मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जी माहिती प्रसिद्ध केली ती वाचून कोणाही विचारी माणसाच्या अंगावर काटा यावा. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाच्या परिसरात विमान व हेलिकॉप्टर एकमेकांच्या फार जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदलेले होते. त्यांपैकी ८५ प्रसंगी आडवे अंतर १,५०० फुटांहून व उंचीतील अंतर २०० फुटांहून कमी होते. हेलिकॉप्टरांसाठी आखून दिलेला नदीवरचा मार्ग आणि एका धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची वाट, यांच्या उंचीत एके ठिकाणी अवघे ७५ फूट अंतर राही. साडेसात मजली इमारतीएवढेही नाही! हा मार्ग कोणा वंचिताने आखला नव्हता, आणि धोक्याच्या नोंदी वर्षानुवर्षे दप्तरात कुजत ठेवल्या त्या काही राखीव जागेवरच्या कारकुनाने ठेवल्या नव्हत्या. चोर सोडून संन्याशास सुळी देणे म्हणतात ते हेच.

त्याच भाषणात अध्यक्षांनी अपंगांस नियंत्रक होण्याची संधी देणाऱ्या कार्यक्रमाची टिंगल केली. तो कार्यक्रम विमान प्रशासनाने जाहीर केला होता एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे याच अध्यक्षांच्या पहिल्या कारकिर्दीत. त्यात येणाऱ्या उमेदवारांनाही इतरांप्रमाणेच सर्व कसोट्या उतरावयाच्या होत्या. आपलेच अपत्य ओळखू न येण्याइतके व्यवहारज्ञान फार थोड्यांच्या वाट्यास येते.

मग मनोऱ्यात माणसे कमी का? याचे उत्तर शोधण्यास १९८१ सालापर्यंत मागे जावे लागते. ३ ऑगस्ट १९८१ रोजी सुमारे १३,००० नियंत्रकांनी संप केला. आठवड्याचे ३२ तास काम, पगारवाढ आणि निवृत्तीची बरी सोय, या त्यांच्या मागण्या होत्या. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला ११,००० हून अधिक माणसांना एका दिवसात बडतर्फ केले. एवढ्यावर न थांबता त्यांनी पुन्हा विमान प्रशासनात पाऊल ठेवू नये असा हुकूम काढला. तो हुकूम १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी उठविला, तोवर बारा वर्षे निघून गेली होती. ज्या संघटनेची माणसे अशी रस्त्यावर आली, त्याच संघटनेने १९८० च्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. मालकाच्या आश्वासनावर विसंबणाऱ्या कामगारांनी हे लक्षात ठेवावे. आणि ज्या विमानतळावर हा अपघात घडला, त्यास १९९८ पासून नाव कोणाचे आहे? रेगन यांचेच!

बडतर्फांच्या जागी घाईने भरलेली एकाच वयाची पिढी पुढे एकदमच निवृत्तीस आली, कारण नियंत्रकास वयाच्या ५६ व्या वर्षी खुर्ची सोडावीच लागते. त्यातच २०१३ साली अंदाजपत्रकातील कपातीमुळे भरती गोठविली गेली. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस सरकारी कारभार ठप्प झाला, तेव्हा नियंत्रकांनी पगार न मिळता काम केले. २०२० साली महामारीने प्रशिक्षण बंद पाडले. या सर्वांचा परिणाम वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये मोजून दाखविला. देशातील २६ अतिमहत्त्वाच्या केंद्रांपैकी २० केंद्रांत मनुष्यबळ ठरविलेल्या ८५ टक्क्यांच्या मर्यादेखाली होते. न्यूयॉर्कच्या आकाशमार्गांचे नियमन करणाऱ्या केंद्रात तर ते अवघे ५४ टक्के होते. उरलेले नियंत्रक अनेक ठिकाणी आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे दहा तास राबत आले आहेत. विमानतळाजवळ दोन विमानांत तीन सागरी मैलांचे, पुढे मोठ्या मार्गावर पाच मैलांचे, अथवा उंचीत हजार फुटांचे अंतर राखावयाचे असते. पडद्यावरील दहा-बारा ठिपक्यांपैकी प्रत्येकाचे हे अंतर मनात धरून बोलत राहणे, हे सहाव्या दिवसाच्या दहाव्या तासाला कसे होत असेल याची कल्पना गिरणीत पाळी केलेल्या आमच्या वाचकांस सहज येईल.

या कमतरतेचे दुसरे कारण म्हणजे एकच दरवाजा. अमेरिकेत नियंत्रक व्हावयाचे तर ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी अकादमीतून जावे लागे. तेथील खोल्या ठराविक, शिक्षक ठराविक, आणि आलेल्या तिघांपैकी जवळजवळ एक जण तेथेच गळून पडतो. अकादमी उत्तीर्ण झाल्यावरही प्रत्यक्ष केंद्रात एक ते तीन वर्षे शिकल्यावाचून स्वतंत्र खुर्ची मिळत नाही. महाविद्यालयांशी करार करून उमेदवार तयार करण्याची योजना १९९० च्या सुमारास सुरू झाली होती. परंतु त्या महाविद्यालयांचे पदवीधरसुद्धा पुन्हा त्याच अकादमीच्या रांगेत उभे राहत. त्यांस फक्त प्राथमिक अभ्यासक्रमातून सूट मिळे.

मे २०२४ मध्ये काँग्रेसने केलेल्या कायद्याने विमान प्रशासनास शक्य तितकी अधिकाधिक भरती करण्यास सांगितले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्धित महाविद्यालयीन योजनेचे पहिले दोन करार झाले. एक ओक्लाहोमा विद्यापीठाशी व दुसरा टल्सा कम्युनिटी कॉलेजशी. पुढे एम्ब्री-रिडल, नॉर्थ डकोटा यांसारखी विमानविद्येची नामांकित विद्यापीठेही त्यात आली. या महाविद्यालयांत अकादमीचाच अभ्यासक्रम, तशाच कृत्रिम मनोऱ्यांवर व पडद्यांवर शिकविला जातो. उत्तीर्ण विद्यार्थी, अभियोग्यता चाचणी, वैद्यकीय तपासणी व सुरक्षा-तपासणी पार पडल्यावर, अकादमीस वळसा घालून थेट नेमणुकीच्या केंद्रावर जातो. एका दरवाजाच्या जागी अनेक दरवाजे झाले. याबद्दल ज्यांनी ही योजना आखली त्यांचे अभिनंदन करण्यात आम्ही कृपणता करणार नाही.

परंतु दरवाजे वाढले म्हणजे उंबरठा खाली आला असे नव्हे. अकादमीत जाणाऱ्या उमेदवारास सरकार वेतन देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर वाहतूक मंत्र्यांनी त्या वेतनात ३० टक्के वाढ जाहीर केली. तोच अभ्यासक्रम महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास काय मिळते? वेतन तर दूरच, उलट शुल्काचे बिल मिळते! एम्ब्री-रिडलसारख्या खाजगी विद्यापीठाचे नुसते शिकवणी-शुल्क वर्षाला ४०,००० डॉलरांच्या वर आहे. गरिबांच्या मुलांना संघराज्याकडून मिळणारे पेल अनुदान २०२५-२६ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. वजाबाकी वाचकांनी करावी. आणि एवढे कर्ज डोक्यावर घेऊन उत्तीर्ण झालेल्यास नोकरीची हमी आहे काय? नाही. चाचणीत, वैद्यकीय तपासणीत अथवा सुरक्षा-तपासणीत अडखळला तर कर्ज त्याचे, आणि सरकारचे काहीच नाही. पूर्वी राज्य जो खर्च व जो धोका स्वतःच्या शिरावर घेई, तो अलगद विद्यार्थ्याच्या शिरावर सरकविला गेला, आणि त्यास विस्तार असे गोंडस नाव मिळाले.

येथे वयाच्या अटीचाही विचार केला पाहिजे. उमेदवाराने वयाची ३१ वर्षे पुरी होण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे, असा नियम आहे. कामाचे स्वरूप पाहता तो अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हा नियम कोणास जाचतो? ज्याच्या बापाने शुल्क भरले तो बाविसाव्या वर्षी रांगेत उभा राहतो. ज्यास आधी कमवावे लागते, धाकट्या भावंडांचे पाहावे लागते, आणि मग उरल्या पैशांतून एकेक विषय पुरा करावा लागतो, त्याचा तिसावा वाढदिवस वर्गातच येऊन ठेपतो. २०२४ मध्ये अमेरिकन नियंत्रकाचे मध्यम वेतन वर्षाला १,४४,५८० डॉलर होते. चार वर्षांची पदवी नसतानाही मिळू शकणाऱ्या थोड्या भरपगारी नोकऱ्यांपैकी ही एक. अशा नोकरीच्या तोंडाशी शुल्काचा अडसर घालणे म्हणजे कष्टकऱ्याच्या घरात शिरू पाहणारी लक्ष्मी दारातूनच परतविणे होय. पुढे मनोऱ्यात फक्त सुखवस्तू घरचीच मुले दिसू लागली की कोणी म्हणेल, पाहा, गुणवत्ता ही अशीच असते!

गुणवत्तेचा हा जप अमेरिकेच्या विमानव्यवसायात नवा नाही, पण तो नेमका केव्हा थांबतो तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन हवाईदलात वैमानिक राहिलेल्या मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय गृहस्थाने १९५७ साली कॉन्टिनेन्टल कंपनीकडे अर्ज केला. त्याच्याहून कमी उड्डाण-अनुभव असलेल्या गोऱ्यांना नेमणूक मिळाली, ग्रीनला मिळाली नाही. न्याय मिळविण्यास त्यास १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेव्हा गुणवत्ता कोठे गेली होती? आणि ज्या विमानतळावरून अध्यक्षांना गुणवत्तेचे एवढे भरते आले, त्याच विमानतळाच्या भोजनगृहात १९४८ च्या अखेरीपर्यंत कृष्णवर्णीय प्रवाशास गोऱ्यांच्या पंक्तीस बसता येत नव्हते. तिकिटाचे पैसे तेच, विमान तेच, भूकही तीच. पाणवठ्यावर बंदी सोसलेल्या समाजाला याहून अधिक सांगावयास नको.

आता आमच्या बाजूच्या एका चुकीबद्दल बोलणे प्राप्त आहे, कारण ती चूक झाकून ठेवणे हे प्रतिपक्षाच्या हाती कोलीत देण्यासारखे आहे. २०१४ साली विमान प्रशासनाने, अधिक विविध समाजातून उमेदवार यावेत या हेतूने, महाविद्यालयीन पदवीधरांना असलेले प्राधान्य काढून टाकले आणि सर्व अर्जदारांपुढे एक चरित्रविषयक प्रश्नावली ठेवली. तीत शाळेत कोणत्या विषयात सर्वांत कमी गुण मिळाले असे प्रश्न होते, आणि विज्ञान असे उत्तर देणाऱ्यास भरघोस गुण होते! सुमारे २८,००० अर्जदारांपैकी दहांत एकही त्या चाळणीतून पार पडला नाही. कर्ज काढून शिकलेले, अभियोग्यता चाचणीत उत्तम ठरलेले हजारांहून अधिक पदवीधर एका रात्रीत रस्त्यावर आले. त्यांपैकी काहींनी न्यायालयात दाद मागितली. २०१६ च्या कायद्याने त्यांच्यासाठी ती प्रश्नावली रद्द झाली आणि २०१८ साली ती सर्वांसाठीच मोडीत निघाली.

ही प्रश्नावली समतेची नव्हती. वंचिताच्या मुलास विज्ञान येत नाही असे गृहीत धरून त्या न येण्यालाच गुण देणे, ही दयेच्या वेषातली अवहेलना आहे. आम्ही कसोटी सोपी करा असे कधीही म्हटलेले नाही. कसोटीच्या दाराशी पोहोचण्याची वाट सर्वांस सारखी मोकळी करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पडद्यावरचे ठिपके नियंत्रकाची जात विचारीत नाहीत, वर्ण विचारीत नाहीत, त्याच्या बापाची मिळकतही विचारीत नाहीत. तीन मैलांचे अंतर राखता येते किंवा येत नाही. ही शेवटची कसोटी कोणत्याही धोरणाने कोणास माफ झालेली नाही आणि होऊ नये. पण त्या कसोटीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर पैशाचा पहारेकरी उभा करून वर तिचेच नाव गुणवत्ता ठेवावयाचे, यास आमचा कडाडून विरोध आहे.

मग करावे काय? उपाय अवघड नाही. आज विद्यार्थी आधी शुल्क भरतो, शिकतो, आणि अखेरीस त्याची चाचणी होते. हा क्रम उलटा करावा. अभियोग्यता चाचणी, वैद्यकीय व सुरक्षा-तपासणी प्रथम घ्यावी. जो उतरेल त्यास त्याच दिवसापासून उमेदवार समजून अकादमीत मिळते तेच वेतन महाविद्यालयातही द्यावे, त्याचे शुल्क सरकारने भरावे, आणि त्याच्याकडून काही वर्षांच्या सेवेचा करार लिहून घ्यावा. असे केल्याने सरकारचा पैसा वाया जाईल ही भीती निराधार आहे. मनुष्यबळ नाही म्हणून विमाने खोळंबतात, जादा कामाचे दाम मोजावे लागतात, आणि पोटोमॅकसारख्या रात्री येतात, त्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

सेवेच्या कराराची कल्पना आमच्या वाचकांस परकी नाही. जून १९१३ मध्ये बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दहा वर्षे त्या संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता, आणि त्या शिष्यवृत्तीवरच ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन शिकले. शुल्क भरण्याची ऐपत हीच पात्रता मानली असती तर त्या विद्यापीठास आपला हा विद्यार्थी दिसलाही नसता. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयकडे दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. कायद्याचे वा वाङ्मयाचे शिक्षण मिळाले तरी खरी सत्तास्थाने तंत्रज्ञांच्या हाती जाणार, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग त्यांनी सकाळी भरविले ते नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. टल्सा असो वा फ्लोरिडा, कृत्रिम मनोऱ्यावरील वर्ग सकाळी अथवा रात्री भरविण्यास कोणाची हरकत असावी?

भारतातील पद्धत या बाबतीत निराळी आहे हेही सांगितले पाहिजे. आमचे विमानतळ प्राधिकरण विज्ञान व अभियांत्रिकीचे पदवीधर आधी निवडते आणि मग प्रयागराज, हैदराबाद व आमच्या महाराष्ट्रातील गोंदिया येथील आपल्या संस्थांत त्यांस शिकविते. निवड आधी, शिक्षण नंतर. राखीव जागा त्या भरतीस लागू आहेत आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीची परीक्षा सर्वांस एकच आहे. आमच्या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. परंतु उद्या येथेही प्रशिक्षण खाजगी महाविद्यालयांकडे सोपवून उमेदवाराच्या खिशात हात घालण्याची सूचना आली तर अमेरिकेचा हा धडा आमच्या प्रतिनिधींच्या टेबलावर असावा.

अमेरिकेत यासाठी नव्या संस्था उभाराव्या लागणार नाहीत. पूर्वीच्या महाविद्यालयीन योजनेत हॅम्प्टन व फ्लोरिडा मेमोरियल ही कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक विद्यापीठे होतीच. कम्युनिटी कॉलेजे तर गावोगाव आहेत, आणि खाजगी विद्यापीठांच्या मानाने त्यांचे शुल्क किरकोळ आहे. अशा संस्थांपैकी पहिलीच निवडली गेली ती टल्सा शहरातील, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ३१ मे व १ जून १९२१ या दोन दिवसांत याच शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने जाळून बेचिराख केली. वस्तीवर विमाने घिरट्या घालीत होती आणि त्यांतून आगीचे गोळे पडत होते, असे डोळ्यांनी पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. त्या विमानांना वाट दाखविणारा कोणी नियंत्रक तेव्हा नव्हता आणि त्यांना अडविणारा कायदाही नव्हता. त्याच ग्रीनवुडमधील एखादी मुलगी आज टल्सा कम्युनिटी कॉलेजच्या कृत्रिम मनोऱ्यासमोर बसू शकते. दिवसा दुकानात उभी राहून सायंकाळी ती वर्गात येईल, तर तिला दुकानातली पाळी सोडता यावी एवढे वेतन विमान प्रशासनाने येत्या अंदाजपत्रकात मंजूर करावे, अशी आमची मागणी आहे.